गिऱ्हाइकाच्या बाजारात आईचं घर

भंडारा



परवा फोनवर तू घर विकायचा आकडा सांगितलास आणि मी गप्प झालो. मामा रागावला असं तुला वाटलं असेल. राग कशाचा? पण फोनवर ही बोलणी नीट होत नाहीत. मध्येच तुझी मीटिंग येते, माझ्याकडे कोणी कागद घेऊन येतं. म्हणून लिहून काढतो. सवडीनं वाच आणि तुझ्या दादालाही वाचून दाखव.

तो आकडा तू कसा काढलास ते मला कळलं. पुण्याच्या फ्लॅटचं उरलेलं कर्ज एकीकडे, दादाला हवी असलेली रक्कम दुसरीकडे, दोन्हीची बेरीज केलीस आणि तोच घराचा भाव ठरवलास. पण घेणाऱ्याला तुझ्या कर्जाशी काय देणंघेणं? तो शुक्रवारी भागातल्या तुमच्या गल्लीत उभा राहून एवढंच विचारतो, की एवढ्याच पैशात मला दुसरीकडे काय मिळतं. आणि सध्या भंडाऱ्यात त्याला बरंच काही मिळतं. खात रोडला, वरठीकडे, हमरस्त्याच्या दोन्ही अंगांना ले-आऊट पडलेत. खांब रोवलेले, मुरूम टाकलेला, एका कोपऱ्यात हनुमानाचं छोटं देऊळ, आणि निम्मे प्लॉट तसेच पडून. त्यातला प्रत्येक न विकलेला प्लॉट तुमच्या घराचा स्पर्धक आहे.

पुण्याचं गणित इथं का चालत नाही ते सांगतो. 2001 च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या 11 लाख 36 हजार होती, 2011 ला 12 लाख झाली. दहा वर्षांत साडेपाच टक्क्यांच्या थोडी वर. त्याच दहा वर्षांत राज्याची वाढ जवळपास 16 टक्के. शिकलेलं पोर नागपूरला जातं नाहीतर पुण्याला, तू गेलीस तशी. 1 मे 1999 ला गोंदिया वेगळा जिल्हा झाला, तेव्हा धान गिरण्यांचा आणि रेल्वे जंक्शनचा पैसा तिकडे राहिला. आपल्याकडे कलेक्टर कचेरी, जवाहरनगरची आयुध निर्माणी, पितळेची भांडी आणि शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर वरठीला असलेलं ‘भंडारा रोड’ स्टेशन. नागपूर तासाभरावर आहे. हे अंतर घर घेणाऱ्याच्या सोयीचं आहे, विकणाऱ्याच्या नाही, कारण थोडी ऐपत आली की माणूस सरळ नागपूरलाच फ्लॅट बघायला जातो.

‘थांबू ना मामा, रस्ता येतोय,’ असं दादा म्हणतो. नागपूर-गोंदिया द्रुतगती मार्गाची बोलणी मीही ऐकतो. त्यानं फाट्याजवळच्या शेतीचे भाव चढतील, शुक्रवारीतल्या कवेलूच्या घराचे कशाला चढतील? आणि घोषणेवर भाव बांधायची सवय या जिल्ह्याला महागात पडलेली आहे. 2013 मध्ये साकोली-लाखनी भागात मुंडीपारला भेलच्या कारखान्याचं भूमिपूजन झालं. आजूबाजूला प्लॉट पाडले गेले, सौदे झाले. कारखाना काही उभा राहिला नाही. गोसीखुर्दची पायाभरणी 22 एप्रिल 1988 ला राजीव गांधींनी केली. त्या धरणाचं पाणी कोणाकोणाच्या बांधीत कधी पोहोचलं, ते पवनीच्या शेतकऱ्याला विचार. मी विकासाविरुद्ध नाही. येणाऱ्या रस्त्याचा भाव आज कोणी देत नाही, एवढंच म्हणतो.

मग भाव ठरवायचा कसा? शेजारी काय ‘मागतो’ ते ऐकायचं नाही. मागायला काय लागतं? सौदा कितीत झाला ते बघायचं. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च आहे, फुकट आहे, तिथं गाव, वर्ष आणि मिळकतीचा नंबर टाकून इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या सौद्याचा उतारा, काढता येतो. गेल्या दोन वर्षांतले तुमच्या भागातले काढ. कागदावरचा आकडा पुष्कळदा खऱ्यापेक्षा कमी असतो, हे मी आयुष्यभर रजिस्ट्री कचेरीच्या अंगणात बसून पाहिलंय. तरी चढ-उतार कळतो आणि वर्षाला किती घरं विकली जातात तेही कळतं. तो दुसरा आकडा पाहून तुझा निम्मा उत्साह ओसरेल, आणि ते बरंच आहे.

डेव्हिड जेनसोव्ह आणि ख्रिस्तोफर मेयर या दोन अर्थतज्ज्ञांनी 1990 च्या दशकातल्या बॉस्टन शहराच्या मंदीचा अभ्यास करून 2001 साली एक निबंध लिहिला. ज्यांनी तेजीत महाग फ्लॅट घेतले होते, ते तोटा सोसायला तयार नव्हते म्हणून मंदीतही जास्त भाव मागत होते. त्यांचे फ्लॅट जास्त दिवस पडून राहिले. काहींना शेवटी थोडा जास्त भाव मिळाला हे खरं, पण त्यासाठी किती थांबावं लागलं! तुम्ही तर हे घर विकतही घेतलेलं नाही. वारशानं आलंय. तरी तुमच्या मनात एक आकडा बसलाय आणि त्याच्याखाली गेलं की तोटा झाला असं वाटतं. तो तोटा फक्त मनातला आहे. रिकाम्या घराचा खर्च मात्र खरा आहे: नगरपरिषदेचा कर, दर पावसाळ्यात फुटणारी कवेलू, वाळवी, आणि मागच्या सांदवाडीत हळूहळू सरकत येणारा शेजाऱ्याचा धुरा.

पहिल्याच दिवशी योग्य भाव सांग. नागपुरात घर सहा महिने पडून राहिलं तर कोणाला कळत नाही, भंडाऱ्यात पानठेल्यावर कळतं. मग जो येतो तो ‘अजून गेलं नाही का?’ असं विचारतच येतो, आणि तिथून भाव त्याच्या हातात जातो. दलालही एकच धर, दोन टक्के घेऊ दे. पाच जणांना सांगितलंस तर पाच जण पाच भाव सांगतील आणि सगळेच म्हणतील, ‘पुण्याच्या बाईला निकड आहे.’

आता मुख्य गोष्ट. गिऱ्हाईक राजा असतं तेव्हा भाव विकणाऱ्याच्या हातात राहत नाही. घेणाऱ्याच्या मनातल्या शंका कमी करणं मात्र तुझ्या हातात आहे. ज्याच्यासमोर दहा जागा आहेत तो सगळ्यात स्वस्त जागा घेतो असं नाही, जिच्यात भानगड नाही ती घेतो. बँकेचं कर्ज काढणारा तर हमखास. आणि तुमच्या घराचे कागद आज भानगडीचे आहेत. वाईट मानू नकोस, स्वच्छ सांगतो.

आखीव पत्रिकेवर, म्हणजे प्रॉपर्टी कार्डावर, अजून तुझ्या आजोबांचं नाव आहे. आजोबा गेले, बाबा गेले, माझी ताई गेली, आणि फेरफार कोणीच घेतला नाही. घर आजोबांच्या कमाईचं, त्यांनी मृत्युपत्र केलेलं नाही. म्हणजे 1956 च्या वारसा कायद्यानं तुझ्या दोन्ही आत्यांचा त्यात बाबांइतकाच वाटा आहे. हा वाटा 2005 च्या सुधारणेमुळे आलेला नाही, ती मुख्यतः वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेसाठी होती. आत्यांच्या सहीशिवाय हे घर विकलं जाणार नाही. कोणी विकून दाखवतो म्हणाला तर त्याच्यापासून लांब राहा.

फोनवर तू म्हणालीस, ‘आत्या काय, हक्कसोड करून देतील.’ देतीलही. आपल्याकडे बहिणींनी एका जरीच्या साडीवर हक्कसोड करून दिलेले कितीतरी कागद मी माझ्या हातानं लिहिलेत, आणि लिहिताना त्यांचे चेहरेही पाहिलेत. माझं ऐक, व्हॉट्सअ‍ॅपवर मसुदा पाठवू नकोस. मोठी आत्या लाखांदूरला आहे, धाकटी तुमसरला. दोघींकडे स्वतः जा, दादाला घेऊन जा. काय भाव अपेक्षित आहे, खर्च किती, कर किती, कोणाला किती मिळणार, हे एका कागदावर लिहून दाखव. वाटा घेतात की सोडतात ते त्यांनाच ठरवू दे. सोडला तर मनापासून सोडलेला असेल, घेतला तर विक्रीपत्रावर सही करायला त्या स्वतः येतील. सौदा ठरल्यावर, गिऱ्हाईक इसार घेऊन दारात उभं असताना आत्याच्या जावयाला हक्क आठवणं, ही इथली नेहमीची गोष्ट आहे. तेव्हा घासाघीस दोन्हीकडून होते आणि तुमचं काहीच उरत नाही.

त्यानंतर उपअधीक्षक भूमि अभिलेख यांच्या कचेरीत वारसान नोंद. अर्ज, सगळे मृत्यू दाखले, वारसांचं प्रतिज्ञापत्र. नोटिसा निघतील, हरकतीची मुदत जाईल, वेळ लागेल. म्हणून हे आधी करायचं, गिऱ्हाईक शोधणं नंतर. आखीव पत्रिकेवर जागा नझूलची, म्हणजे सरकारी पट्ट्याची, तर नाही ना, तेही बघ. आपल्या विदर्भातल्या जुन्या शहरांत नझूलचे पट्टे भरपूर आहेत. पट्टा असेल तर नूतनीकरण झालंय का आणि हस्तांतराला परवानगी लागते का, हे घेणाऱ्याच्या वकिलानं विचारण्याआधी तुला माहीत असलं पाहिजे. नगरपरिषदेच्या करपावतीवर कोणाचं नाव, वीज मीटर कोणाच्या नावावर, मोजणीचा नकाशा, तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट: हे सगळं एका फाइलीत लावून ठेव आणि घर बघायला येणाऱ्याच्या हातात सरळ दे. लोक घर दाखवतात आणि कागद लपवतात. तू उलटं कर.

भाव खाली आणताना एक खड्डा सांभाळ. मुद्रांक शुल्क रेडी रेकनरच्या, म्हणजे सरकारी दराच्या, किमतीवर लागतं, सौदा त्याच्याखाली झाला तरी. ते सगळ्यांना ठाऊक असतं. आयकरही तिथंच धरतो, हे ठाऊक नसतं. समज, रेकनरनं घराची किंमत 40 लाख निघते. तू 37 लाखांना विकलंस तर दहा टक्क्यांची मुभा आहे, चालून जातं. 35 ला विकलंस की मुभेबाहेर गेलीस. मग तुझा नफा 40 धरून मोजतात, आणि वरचे 5 लाख घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरले जातात. मंदीत बाजार रेकनरच्या खाली जाऊ शकतो, रेकनर मात्र क्वचितच उतरतो. म्हणून सौद्याला बसण्याआधी ती रेघ कुठे आहे हे तुला माहीत हवं. खरंच बाजार त्याहून खाली असेल तर आयकराच्या मूल्यांकन अधिकाऱ्याकडे जाता येतं, पण त्यासाठी सीए धर, मामावर विसंबू नकोस.

घर जुनं आहे, तेव्हा 1 एप्रिल 2001 ची किंमत नोंदणीकृत मूल्यांककाकडून काढून घे. जुलै 2024 पासून नियम बदललेत, पण जुन्या मालमत्तेला महागाई निर्देशांक लावून 20 टक्के किंवा न लावता 12.5 टक्के, जे कमी पडेल ते घेता येतं. आणि हे ध्यानात ठेव की आलेल्या पैशातून फ्लॅटचं जुनं कर्ज फेडलं म्हणून कर वाचत नाही. फ्लॅट तू केव्हाच घेतलास. नवीन घर किंवा ठरावीक रोखे, हाच मार्ग. कर वजा करून हाती काय येतं ते आधी मांड.

रोखीचं बोलणं निघेलच. ‘निम्मे नगदी, भाव वाढवून देतो.’ नाही म्हण. स्थावराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर जेवढी घेतली तेवढाच दंड होऊ शकतो. शिवाय कमी दाखवलेल्या किमतीवर घेणाऱ्याला बँक कर्जही कमी देते. म्हणजे नगदीच्या हट्टानं तू सगळ्यात चांगलं गिऱ्हाईक आधीच घालवतेस.

ते चांगलं गिऱ्हाईक कोण?  बंगला हवा असणारा तुमचं घर घेणार नाही. निर्माणीतून निवृत्त झालेला कामगार, मुलांच्या शिक्षणासाठी तालुक्याहून येणारी शिक्षक जोडी, बाजाराजवळ दवाखाना टाकू पाहणारा डॉक्टर. दलालाला हेच सांग. शेतकरी घेणारा असेल तर त्याच्याकडे पैसा धानाचे चुकारे झाल्यावर येतो, आणि चुकारे सरकारच्या मर्जीनं होतात. त्याला आजच ‘पंधरा दिवसांत पूर्ण पैसे’ म्हटलंस तर तो निघून जाईल. त्याला मुदत दे, पण इसाराचा करार रजिस्टर करून दे, साध्या चिठ्ठीवर नको.

आणि भाव न उतरवता देता येण्यासारख्या गोष्टी असतात. विक्रीपत्र घरच्या बाईच्या एकटीच्या नावानं केलं तर राहत्या घराच्या मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते. 40 लाखांवर 40 हजार झाले की! नोंदणी फी 1 टक्का असली तरी 30 हजारांवर जात नाही. पुष्कळ घेणाऱ्यांना हे माहीत नसतं. तू सांगितलंस तर त्याचा खर्च वाचतो आणि तुझ्या खिशातून काही जात नाही. आईचं लोखंडी कपाट, पितळेचा बंब, विहिरीवरची मोटार ठेवून दे. ताबा लवकर दे. शेवटच्या बैठकीत लाखभर सोडावे लागले तर सोड, पण ते शेवटच्या बैठकीतच. फोनवर नाही आणि दलालाच्या तोंडून तर नाहीच.

दादा म्हणतो दिवाळीनंतर दाखवू, रंग मारून. मी म्हणतो कागद तयार झाले की भर पावसातच दाखवू. ऑगस्ट 2020 च्या शेवटी वैनगंगेला पूर आला तेव्हा वरून मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचं पाणी सुटलेलं आणि खाली गोसीखुर्दचा फुगवटा. कारध्याच्या छोट्या पुलाजवळ धोक्याची पातळी 245.50 मीटर आहे, पाणी ती ओलांडून कितीतरी वर गेलं. तेव्हापासून भंडाऱ्यात घर घेणारा पहिला प्रश्न एकच विचारतो, ‘वीसच्या पुरात इथं पाणी होतं का?’ तुमच्या गल्लीच्या तोंडाशी आलं होतं, ओट्याला लागलं नव्हतं. हे असंच्या असं सांग, शेजाऱ्याच्या भिंतीवरची खूण दाखव. पूररेषेच्या नकाशात घर निळ्या रेषेच्या आत आहे की बाहेर, ते नगरपरिषदेत बघून फाइलीत लाव. ऑगस्टमध्ये कोरडं दिसलेलं घर जानेवारीत रंगवलेल्या घरापेक्षा जास्त भावाला जातं, हे माझं मत आहे आणि मी ते बदलणार नाही. छप्पर गळतं तेवढं मात्र शाकारून घे. कवेलू फिरवणारा माणूस मी पाठवतो.

वरठी रस्त्यावरच्या बाबांच्या प्लॉटचं काय, असंही तू विचारलंस. तो घराच्या सौद्यात अजिबात घालू नकोस. शेताचे तुकडे पाडून विकलेला ले-आऊट आहे, अकृषक नाही, सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं सामाईक, आणि बाबांकडे फक्त नोटरीचा कागद. 2025 च्या शेवटी सरकारनं तुकडेबंदीविरुद्ध झालेले जुने व्यवहार नियमित करायची वाट मोकळी केली. आपला प्लॉट त्यात बसतो का, हे तहसीलीत विचारू. दुसरं, 22 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांची झुडपी जंगलाची जमीन वनच धरायची असा निकाल दिला. भंडारा त्या सहांत आहे. ले-आऊटच्या गट नंबरात झुडपी, गायरान असं काही मिसळलेलं नाही ना, यासाठी जुना सातबारा आणि निस्तारपत्रक दोन्ही बघावी लागतील. तोवर तो प्लॉट कोणाच्या गळ्यात मारायचा नाही. ज्याच्या गळ्यात माराल तोही तुझ्या बाबांसारखाच कोणाचा तरी बाप असेल.

आखीव पत्रिकेची ताजी नक्कल मी सोमवारी काढतो. तू येशील तेव्हा आजोबांचा मूळ मृत्यू दाखला आण, तो बहुतेक तुझ्याकडच्या निळ्या फाइलीत आहे. इथं फक्त झेरॉक्स आहे आणि कचेरीत झेरॉक्स चालत नाही. आधार आणि पॅन दोघांचेही. आत्यांना मी फोन करत नाही, तूच कर. तुमसरच्या आत्याकडे दुपारी जा, सकाळी ती देवळात असते.

तुझा मामा